मुखवट्याखालचा तांदळा

सूप कढत असताना त्यावर पेस्ट्री पसरायची नाही, ही अक्कल मला पहिला वाडगा वाया गेल्यावर आली. वाफ लागली की पारी मऊ पडते, मधोमध खचते आणि टोमॅटोत बुडते. दुसऱ्या दिवशी मी सूप पार निवू दिलं. फ्रीजरमधली पफ पेस्ट्रीची घडी 40 मिनिटं ओट्यावर ठेवली, वाडग्याच्या तोंडापेक्षा बोटभर मोठी चकती कापली, काठावरून ओलं बोट फिरवलं आणि ढोलकीला पुडी चढवावी तशी ती चकती वर बसवली. ताणायची मात्र नाही, ताणलेली पारी ओव्हनमध्ये आखडते. आम्ही अंडं खात नाही म्हणून वरून दुधाचा हात. 400 फॅरनहाइटला 20 मिनिटं. लोण्याच्या पदरांमधल्या पाण्याची वाफ होते, ती एकेक पदर उचलते, आणि पत्र्याच्या डब्यातून ओतलेल्या सूपवर सोनेरी घुमट उभा राहतो.

"आजी, दॅट्स चीटिंग," नातू म्हणाला. नऊ वर्षांचा आहे. डबा मी त्याच्यादेखतच उघडला होता.

थंडीचे तीन महिने मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या चेरी हिलला मुलाकडे असते. यंदा आल्याआल्या बर्फावर घसरले, डाव्या मनगटाला प्लास्टर. पोळ्या बंद, चिरणं बंद. सून नर्स आहे, बारा तासांची ड्यूटी करून रात्री साडेआठला घरात शिरते. तिच्यापुढे नुसता डबा गरम करून ठेवणं माझ्या जिवावर आलं, त्यातून हा उद्योग निघाला. डबाबंद अन्नाला मी जन्मभर नावं ठेवत आले आहे, हेही सांगून टाकते.

या डब्याचं गाव आमच्यापासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर, कॅमडेन. तिथल्या कॅम्पबेल कंपनीत 1897 साली जॉन डॉरन्स नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ आठवड्याला साडेसात डॉलर पगारावर लागला. त्यानं सूपमधलं निम्म्याहून जास्त पाणी काढून ते आटीव केलं. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली, आणि घरच्या बाईनं काय करायचं, तर तोच रिकामा डबा नळाखाली भरून पाणी परत घालायचं. मला यात गंमत वाटते. कारखान्यानं स्वयंपाक संपवला, पण एक डबा पाण्यापुरता हात शिल्लक ठेवला.

घुमटाचं कूळ मात्र थोर. पॉल बोक्यूज या फ्रेंच आचाऱ्याला 1975 साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या हस्ते मानचिन्ह मिळालं. त्या प्रसंगी एलिझे राजवाड्यात त्यानं ट्रफलचं सूप असंच पेस्ट्रीचं झाकण घालून वाढलं. त्या सूपच्या नावात राष्ट्राध्यक्षांची आद्याक्षरं आजही आहेत. तिथे झाकणाखाली ट्रफल होतं. माझ्या झाकणाखाली सेलमधला डबा. तेव्हा नातवाचा आक्षेप अगदीच पोरकट नव्हता; लहानपणी मीही तसाच घेतला होता.

मी गुरवाची मुलगी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी भैरोबाची पूजा आमच्या घरात. भैरोबा म्हणजे तांदळा, ना नाक, ना डोळे, शेंदराची पुटं चढलेला ओबडधोबड दगड. पहाटे अभिषेक झाला की दादा, म्हणजे माझे वडील, त्यावर चांदीचा मुखवटा बसवायचे, मग मिशा, डोळे, फेटा, शेला. मुखवटा विभूतीनं घासायचं काम माझं. मी तो आतून पाहिला आहे. बाहेरून देवाचं नाक असतं तिथे आत खळगा, गालाच्या जागी हातोडीचे ठोके, कडेला दगडावर बसावा म्हणून लावलेलं काळपट मेण. आठ-नऊ वर्षांची असताना मी दादांना विचारलं होतं, "देवाला तोंड नाही, मग आपण खोटं तोंड का लावतो?" दादा शेला चुणत होते. म्हणाले, "पहाटे ये की अभिषेकाला. दार उघडंच असतं."

तेव्हा मला ते टाळाटाळीचं वाटलं. पुढे शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवताना वेदान्ताशी तोंडओळख झाली. माया दोन कामं करते, आवरण आणि विक्षेप. दोरी झाकते आणि तिच्या जागी साप दाखवते. मी पोरांना फळ्यावर दोरी काढून दाखवायचे आणि मनात मुखवटा यायचा. झाकतो तोही, आणि नसलेलं तोंड दाखवतो. मग दादा रोज सकाळी मायेचंच काम करत होते की काय?

मला तसं वाटत नाही. दोरीला साप समजणाऱ्याला दोरी माहीत नसते. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही मुखवट्याखाली दगड आहे हे ठाऊक होतं. माहीत असूनच लोक त्या चांदीच्या डोळ्यांत बघून गाऱ्हाणी सांगत. दगडाला गाऱ्हाणं सांगायला माऊली-तुकोबांची तयारी लागते. आमच्या गावाला डोळे लागत. अलंकार शब्दातलं 'अलम्' म्हणजे पुरेसं. अलंकार करणं म्हणजे एखादी गोष्ट पुरेशी करणं, हा अर्थ वर्गात मी दरवर्षी सांगायचे, कळला मात्र इथल्या ओट्यापाशी. डब्यातलं सूप पोटाला पुरेसं होतंच. बारा तास दुसऱ्यांच्या जखमा बांधून आलेल्या बाईला ते पुरेसं नव्हतं. तिनं चमच्याच्या पाठीनं घुमटावर टकटक केलं, पारी खचकन फुटली, वाफेनं चष्मा धुरकटला आणि ती हसली. "आई, डबा कुठला उघडलात?" हे तिनं त्याच हसण्यात विचारलं. तिच्यापुढे दार उघडंच होतं.

इथवर माझी बाजू चांगली आहे. पण गेल्या शनिवारी मुलाच्या ओळखीचं एक मराठी जोडपं जेवायला आलं. सहा वाडगे, सहा घुमट. त्या बाई म्हणाल्या, "काकू, हात मोडलेला असताना एवढे टोमॅटो शिजवून गाळलेत? आमच्याच्यानं नाही हो होत." आणि मी गप्प बसले. नुसती गप्प नाही, थोडी मानही हलवली. त्याआधी डबे मी चेपून, कागदाच्या पिशवीत गुंडाळून गराजमध्ये नेऊन टाकले होते. पेस्ट्री तीच, दूध तेच, पण या खेपेला मी साप विकला. नातू समोर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घुमट फोडायला घेतला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

काल त्या बाईंचा व्हॉट्सॅप आला: काकू, सूपची कृती पाठवा ना. अर्धा तास फोन हातात धरून बसले. टोमॅटोचं प्रमाण तोंडपाठ आहे, खरं सूप मी कित्येकदा केलेलं आहे, चार ओळी लिहिल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? मग उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला घेतलं. 'साहित्य. टोमॅटो सूपचे तयार डबे, तीन. तेच डबे भरून पाणी, तीन.' पुढे पेस्ट्रीचं सगळं सविस्तर लिहिलं, सूप निवू द्या हेसुद्धा. पाठवलं. दोन निळ्या खुणा कालच दिसल्या, उत्तर अजून आलेलं नाही.