खंडावर पोसलेला स्वाभिमान

सर जॉर्ज सॅव्हिल १७५९ पासून १७८३ पर्यंत यॉर्कशरचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. इतक्या वर्षांत त्यांनी एकही सरकारी पद घेतले नाही. १७६५ मध्ये रॉकिंगहॅम पंतप्रधान झाले. त्यांचा गट सॅव्हिल यांच्याच गोटातला, तरीही देऊ केलेले पद त्यांनी नाकारले. त्या काळी बहुमत टिके ते पेन्शनी, कंत्राटे आणि नातलगांच्या नेमणुका वाटून.

हा नकार त्यांना परवडला, कारण नॉटिंगहॅमशरमधली रफर्ड ॲबी, यॉर्कशरमधले थॉर्नहिल आणि आयर्लंडमधल्या जमिनी सतराव्या वर्षीच वारशाने हाती आल्या होत्या. त्यांच्या ताठ कण्यामागे कुळांचे श्रम होते, हे विसरून त्यांचे गुणगान करू नये. मात्र तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. त्यांच्याहून मोठे जमीनदार सरदारकीसाठी मंत्र्यांच्या दारी ताटकळत असत. सॅव्हिल यांचे वेगळेपण मला दिसते ते या निर्धास्तपणाचा त्यांनी काय उपयोग केला, त्यात.

राजाच्या हक्काला मुदतीची बाधा नाही, असा इंग्लंडचा जुना दंडक होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीच्या दस्तऐवजात एखादी उणीव सापडली, की राजसत्ता ती परत मागू शके. १७६७ मध्ये तसेच घडले. कंबरलंडमधले इंगलवुडचे रान तिसऱ्या विल्यमच्या काळापासून पोर्टलंड घराण्याच्या वहिवाटीत होते. सरकारने ते सर जेम्स लाउदर यांना भाडेपट्ट्याने देऊन टाकले. पोर्टलंड विरोधी पक्षाचे, लाउदर दरबाराच्या मर्जीतले. सॅव्हिल यांनी विधेयक आणले. पहिल्या खेपेस ते पडले, १७६९ मध्ये मंजूर झाले आणि साठ वर्षांच्या अखंड वहिवाटीपुढे राजाचा दावा संपला. यात पक्षमित्राचा कैवार होता हे खरे, पण संरक्षण मिळाले ते प्रत्येक कब्जेदाराला.

कॅथलिकांसाठीचा १७७८ चा कायदा मला याच विचाराचा पुढचा टप्पा वाटतो. तोवर कॅथलिक धर्मगुरूला जन्मठेपेची भीती होती आणि कॅथलिक वारसाची मालमत्ता जवळचा प्रोटेस्टंट नातलग बळकावू शके. निष्ठेची शपथ घेणाऱ्यांवरचे हे ओझे सॅव्हिल यांच्या विधेयकाने उतरवले. स्वतः भोगलेली निश्चिंती त्यांनी परधर्मीयांसाठी मागितली. यॉर्कशरच्या मतदारांत त्यामुळे एका मताचीही भर पडणार नव्हती, कारण कॅथलिकांना मताधिकारच नव्हता.

हा कायदा रद्द व्हावा म्हणून जून १७८० मध्ये लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्यामागे जमलेला जमाव कॅथलिकविरोधी दंग्यात उतरला. लेस्टर फील्ड्समधले सॅव्हिल यांचे घर फोडले गेले. कुंपणाचे लोखंडी गज उपटून दंगेखोरांनी त्यांचीच हत्यारे केली. कायदा मात्र रद्द झाला नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅव्हिल यांनी यॉर्कशरच्या जमीनधारकांचा उधळपट्टीविरोधी अर्ज संसदेत मांडला होता. त्या अर्जामागच्या यॉर्कशर असोसिएशनने पुढे परगण्यांचे निदान शंभर प्रतिनिधी वाढवून मागितले. परगण्यातले मत असे ते वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या जमिनीचे. लंडनच्या दंग्यात उतरलेल्या मजुरांना आणि शिकाऊ कारागिरांना त्या वाढीव शंभरांपैकी एकालाही मत देता आले नसते.