भट्टीतली जाळी आणि नैयायिकांचा घडा

कच्चा काळा घडा भाजला की लाल होतो. बदल नेमका कोणात होतो? वैशेषिक दर्शनाचे तत्त्वज्ञ म्हणत, आचेने घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणू लाल होतात आणि पुन्हा जुळून नवा घडा तयार होतो. हा पीलुपाक. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, नैयायिकांना, ते पटेना. भट्टीत घडा जागचा हललेलाही दिसत नाही, मग तो मोडला कधी? त्यांच्या मते आच छिद्रांतून आत शिरते आणि अखंड घडाच पालटतो. हा पिठरपाक.

मी धातुशास्त्राची अभ्यासक, आणि हा वाद मला माझ्या कामात भेटतो. टायटॅनियम मिश्रधातूची पूड लेझरने थराथराने वितळवून छापलेल्या जाळ्या तपासणे हे माझे काम. कृत्रिम खुब्यांना अशी जाळी देतात, हाड तिच्या पोकळ्यांत वाढून रुजावे म्हणून. या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. लेझर पुढे सरकताच मागचा वितळलेला धातू क्षणार्धात गोठतो. जाळीची एखादी दांडी कापून, घासून, आम्लाची प्रक्रिया करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की एकमेकींना छेदणाऱ्या मार्टेन्साइट या स्फटिकरूपाच्या सुया दिसतात. ही रचना बळकट, पण ठिसूळ. दाब वाढला की दांड्या तुटतात आणि अनेकदा जाळी तिरप्या पट्ट्यात कोसळते.

तीच जाळी निर्वात भट्टीत ८०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवली की सुया विरून अल्फा आणि बीटा या स्फटिकरूपांचे पापुद्रे तयार होतात. आकार तोच, वजन तेच. ताकद थोडी उतरते, पण दांड्या तुटण्याआधी वाकू लागतात.

जाळी भट्टीत अखंड राहते, इथे नैयायिक बरोबर. पालट अणूंच्या मांडणीत होतो, इथे वैशेषिकांचा रोख बरोबर. पण जाळी आणखी एक गोष्ट दाखवते. बारीक दांडी आणि जाडसर सांधा सारख्या वेगाने निवत नाहीत, म्हणून आतले स्फटिकही सारखे घडत नाहीत. ठोकळ्यावर मोजलेली ताकद दांडीला जशीच्या तशी लावता येत नाही, ते त्यामुळेच. अवयवांपासून, म्हणजे भागांपासून, अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, घडतो, असे न्यायदर्शन सांगते. इथे अवयवीचा आकारही अवयवांना घडवतो.

बौद्ध तार्किकांनी अवयवीला निव्वळ व्यवहारातले नाव मानले. मला ते मान्य नाही. जे आपल्या घटकांचा स्वभाव ठरवते, ते नुसते नाव असू शकत नाही. अवयवी खरा आहे.