झोप घरी पण मिळेल

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे इमॅजिकाला गेलो होतो. सगळे म्हणजे आई, ताई, दाजी, सहा वर्षांचा भाचा, तीन वर्षांची भाची आणि मी. नाशिकहून पहाटे साडेचारला निघालो. कसारा घाट उतरेपर्यंत दोन्ही पोरं मागच्या सीटवर झोपलेली होती, आणि पुढे खोपोलीपर्यंत भाचा दर दहा मिनिटांनी "मामा, आलं का?" विचारत होता.

दिवसाचा प्लॅन माझा होता. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे प्लॅन म्हणजे एक्सेल शीट. कोणती राईड कुठे आहे, कुठे उंचीची अट आहे, कुठे आधी गेलं तर रांग कमी लागेल, जेवायला किती मिनिटं, सगळं. तिकिटं मीच काढली होती. नोकरीला लागल्यापासून घरच्यांना कुठेतरी न्यायचं राहिलं होतं, ते एकदाचं व्हावं असं वाटत होतं.

सव्वा वाजता आई म्हणाली, "अरे, पोर पेंगतंय. तिला कुठेतरी सावलीत जरा आडवं होऊ दे. तासभर थांबू."

मी मोबाईलमधली शीट बघत म्हणालो, "आई, अजून सात राईड्स राहिल्यात. झोप घरी पण मिळेल."

ताई म्हणाली, "प्लॅन तुझा आहे बाबा, तू ठरव." दाजी काहीच बोलले नाहीत. ते असे वेळी बोलत नाहीत.

मी ठरवलं. पावणेतीनला, पन्नास मिनिटं रांगेत उभं राहून अगदी दारापाशी आल्यावर, भाची जमिनीवर बसली. मग आडवी झाली. मग रडायला लागली, आणि ते हट्टाचं रडणं नव्हतं. हट्टाच्या रडण्यात मूल मधूनच तुमच्याकडे बघतं. ही कुणाकडेच बघत नव्हती. मी तिचा हात धरून तिला उठवलं. खरं लिहायचं तर ओढलं. तिची चड्डी ओली झाली होती. आजूबाजूचे लोक बघत होते आणि मला तिच्यापेक्षा त्या लोकांची जास्त लाज वाटली. "एक फोटो काढू, मग जाऊ. हस बघू," असंही मी म्हणालो. ती हसली. तो फोटो फॅमिली ग्रुपवर आहे, त्याखाली बदाम आणि अंगठे आहेत. फोटो नीट मोठा करून बघितला तर तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दिसतात. दुसऱ्या कुणी मोठा करून बघितला असेल असं वाटत नाही.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय. वरवर तो अगदी किरकोळ आहे: पोरांना घेऊन अशा ठिकाणी गेल्यावर दुपारी थांबावं का? पण 'झोप घरी पण मिळेल' हे वाक्य मी म्हणालो कसं, असं विचारायला लागलं की तो किरकोळ राहत नाही.

*

पहिलं उत्तर सोपं आहे: पैसा वसूल. सहा जणांचं तिकीट, पेट्रोल, टोल. दोन तास झोपण्यात घालवले तर दिवसाचा पाव हिस्सा वाया. हा हिशोब चुकीचा आहे हे मला माहीत होतं, कारण तो कॉलेजात शिकवतात. गेलेला पैसा गेलेला असतो. पुढचा तास कसा घालवायचा हे त्या तासात काय मिळणार यावर ठरवावं, आधी काय दिलं यावर नाही. 1985 साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोन संशोधकांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिकीट घ्यायला आलेल्या काही लोकांना अचानक सवलत दिली, काहींना नाही. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. जास्त पैसे दिलेत म्हणून ते गेले.

पण आमच्या बाबतीत एक फरक आहे. ती माणसं स्वतःच स्वतःला ओढत नाटकाला गेली. मी तिकिटाची किंमत एका तीन वर्षांच्या मुलीच्या अंगातून वसूल करत होतो. पैसे माझे, वसुली तिच्याकडून. कांटने 1785 साली लिहून ठेवलंय की माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वापरू नये. मला ते वाक्य नेहमी गुलाम आणि मालकांबद्दलचं वाटायचं. ते "हस बघू" म्हणणाऱ्या मामाबद्दलही आहे.

दुसरं उत्तर माझ्या धंद्यातून येतं, आणि त्यातही मीच उघडा पडतो. सर्व्हर शंभर टक्के वापरात ठेवायचा नसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षातच कळतं. कामं अनियमित येत असतील तर साध्या गणिताप्रमाणे सर्व्हर 80 टक्के व्यग्र असताना एका कामाला सरासरी चार कामांइतका वेळ रांगेत थांबावं लागतं. 90 टक्क्यांना तो नऊपट होतो, 95 टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या थोड्या टक्क्यांच्या हव्यासात सगळं तुंबतं. म्हणून आम्ही मुद्दाम जागा रिकामी ठेवतो. मशीनसाठी हे मला पाठ आहे. पोरीसाठी आठवलं नाही.

*

पण 'थांबलं तर पुढे जास्त मजा येते' हा विश्रांतीच्या बाजूचा मुद्दा मला पुरेसा वाटत नाही. त्यात विश्रांती अजूनही नोकरच राहते. झोपा, म्हणजे संध्याकाळी आणखी पाच राईड्स होतील. समजा झाल्या नाहीत तर? समजा ती झोपली आणि उठल्यावर घरीच जायचं म्हणाली? मग तिची झोप चुकीची ठरते का?

इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत ते रविवारच्या सुट्टीचे जनक म्हणून येऊन जातात. पण 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीचीही मागणी होती. तोवर ज्या गिरण्यांत यंत्र थांबत नव्हतं तिथे माणूस मध्येच कसाबसा घास खायचा. 1891च्या कारखाना कायद्यात दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना कायद्यातलं 55वं कलम सांगायचं की प्रौढ कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी. भाची सकाळी साडेचारपासून जागी-झोपेत प्रवासात, आणि दहापासून सलग पायांवर होती. मधे जेवणाची वीस मिनिटं, तीही 'लवकर खा' म्हणत. सातपूरच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही सुपरवायझरने माझं शेड्यूल नामंजूर केलं असतं.

लोखंड्यांच्या मागणीतला मुद्दा असा होता असं मला वाटतं: विश्रांती ही मालकाची मेहरबानी नाही आणि उत्पादन वाढवायची युक्तीही नाही. ती माणसाची आहे. मुलांच्या बाबतीत जगाने हे कागदावर मान्यही केलंय. 1989च्या बालहक्क करारात 31वं कलम खेळाच्या हक्काबद्दलचं म्हणून सांगितलं जातं, पण त्यात सगळ्यात आधी येते ती विश्रांती, खेळ त्यानंतर. भारताने तो करार 1992 साली स्वीकारला. योगायोग असा की गोराईचं एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेही 1989 सालीच.

*

आता दुसरी बाजू. ती मला खोटी वाटत नाही.

ज्यांना पार्कशेजारच्या हॉटेलात खोली परवडते ते दुपारी दोन तास पडदे ओढून झोपू शकतात. जे पहाटेच्या गाडीने येऊन रात्रीच्या गाडीने परत जाणार, ज्यांच्या आयुष्यात असा दिवस पाच वर्षांतून एकदा येणार, त्यांना 'जरा आराम करा' हे सांगणं म्हणजे पोट भरलेल्याने उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. माझ्या मनात तरी हीच बाजू होती, कारण मी त्याच घरातला आहे. बाबा सातपूरला एका कारखान्यात पाळीवर होते. 2002 साली, मी पाच वर्षांचा असताना, त्यांनी ओव्हरटाईमचे पैसे साठवून आम्हाला एस्सेलवर्ल्डला नेलं. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या आठवणीत तो दिवस म्हणजे नुसतं पळणं आहे. लाँच, पाणी, रंग, एकामागून एक राईड्स. इमॅजिकाची शीट बनवताना माझ्या डोळ्यासमोर तोच दिवस होता.

खोपोलीहून परत येताना, इगतपुरीच्या पुढे, सगळे झोपलेले असताना मी आईला म्हणालो, "बाबांनी आपल्याला तेव्हा एक मिनिट वाया जाऊ दिलं नव्हतं."

आई म्हणाली, "कोण म्हणालं? तू दुपारी दोन तास झोपला होतास. त्यांच्या मांडीवर. झाडाखाली."

मला काहीच आठवत नव्हतं. आईने सांगितलं की बाबांची आदल्या दिवसापर्यंत रात्रपाळी होती. कल्याणला आत्याकडे मुक्काम करून आम्ही सकाळी गोराईला गेलो. जेवण झाल्यावर मी पेंगायला लागलो, तेव्हा बाबांनी तिला आणि ताईला पुढे पाठवलं आणि मला घेऊन बसले. ती म्हणाली, अहो, पैसे भरलेत. ते म्हणाले, "झोपलेल्या पोराला काय दाखवणार? उठला की दाखवू." ती परत आली तेव्हा तेही बसल्या बसल्या झोपले होते.

म्हणजे ज्याच्याकडे वाया घालवायला काहीच नव्हतं तो माणूस दोन तास झाडाखाली बसला. आणि ज्याला पुढच्या महिन्यात परत तिकीट काढता आलं असतं, तो मी, पोरीचा हात ओढत होतो. बाबांचं उदाहरण सगळ्या गरीब घरांचं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. पण 'आपल्याला परवडत नाही' हे वाक्य निदान मी त्यांच्या नावावर वापरू शकत नाही.

*

नाशकात वाढलेल्याला निवृत्तीनाथांची पालखी नवी नाही. त्र्यंबकेश्वरहून निघते, त्र्यंबक रस्त्याने शहरात येते, मग सिन्नरकडून पंढरपूरच्या वाटेला लागते. वारीत चालण्याइतकंच थांबण्यालाही नाव आहे: विसावा. दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, हे आधीपासून ठरलेलं असतं. विसाव्याला कुणी वारीतली सुट्टी म्हणत नाही, तोही वारीच असतो. माझ्या शीटमध्ये जेवणाची ओळ होती. विसाव्याची नव्हती.

आणि आषाढीच्या दिवसांत खुद्द विठ्ठलाचा पलंग काढतात. देव झोपत नाही, रात्रंदिवस दर्शन देतो. वारी संपली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा घालवायला. यात्रेकरूंसाठी कुणी जागायचं असेल तर ते यजमानाने. स्वतःची झोप सोडता येते, त्याला त्याग म्हणतात. दुसऱ्याची झोप सोडता येत नाही. मी यजमान होतो, आणि मी पाहुण्याचा पलंग काढला.

*

या मे महिन्यात आम्ही नाशिकजवळच्या एका छोट्या वॉटर पार्कला गेलो. शीट नव्हती. एक वाजता आईने झाडाखाली चटई टाकली आणि भाची पाच मिनिटांत झोपली.

भाच्याला हे अजिबात पटलं नाही. तो आता सात वर्षांचा आहे, त्याला दुपारची झोप लागत नाही, आणि बहिणीसाठी आपण का थांबायचं हा त्याचा प्रश्न रास्त होता. दाजी त्याला घेऊन पाण्यात गेले. पण एक मोठी घसरगुंडी मामाबरोबरच करायची होती, ती राहिली, कारण मी चटईवर होतो. परत येताना तो माझ्याशी बोलला नाही. अजूनही मधूनच काढतो, "तू झोपला होतास." त्यावर मला उत्तर सापडलेलं नाही. एकाला विसावा दिला की दुसऱ्याचं काहीतरी राहतं, आणि त्याला त्याची भरपाई मागायचा हक्क आहे. मी त्याला एकट्याला नेणार आहे.

भाची दीड तास झोपली. माझा हात दोनदा मोबाईलकडे गेला, किती वाजले बघायला. मग तिने झोपेतच कूस बदलली, तिचा दंड माझ्या हातावर आला आणि हात अडकला. मी तो काढून घेतला नाही.