नाकाच्या रुंदीवरून माणूस

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याच्या बाजारात गोंड कोण, कोलाम कोण आणि कुणबी कोण, हे नुसत्या चेहऱ्यावरून सांगू पाहणारा हमखास फसतो. तरीही इथून शिकायला शहरात गेलेल्या पोराला ‘तू आदिवासी वाटत नाहीस’ हे ऐकावंच लागतं. चेहऱ्यावर कूळ वाचता येतं, ही समजूत आली कुठून?

ती फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस सांगतो की उत्तरेचे लोक धिप्पाड, गोरे पण मंद, दक्षिणेचे बुटके, काळे पण चतुर. रोम बरोबर मधोमध, म्हणून तिथली माणसं सगळ्यांत उत्तम! आपण मधले म्हणून आपण श्रेष्ठ, हा हिशेब प्रत्येक साम्राज्याला सुचतो. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये जर्मनांचे निळे डोळे आणि तांबूस केस पाहून ते अमिश्र असल्याचं ठरवलं. गंमत अशी, की खुद्द रोमन असणं चेहऱ्यावर ठरत नव्हतं, नागरिकत्वावर ठरत होतं. आजच्या लिबियात जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस १९३ मध्ये सम्राट झाला.

एकोणिसाव्या शतकात या समजुतीच्या हाती मोजपट्टी आली. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले भारतात नाकाची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर काढू लागला. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. १९०१ ची जनगणना त्याच्याच देखरेखीखाली झाली. नाकं मोजणाऱ्याने उतरंड आधीच मनात धरली होती, एवढं म्हणायला मोजपट्टी लागत नाही.

या मोजमापाला खरा तडा दिला तो एका मराठी बाईने. १९३० च्या आसपास मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये ओयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक गोऱ्यांत वेगळा असतो आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असा गुरूंचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक आढळत नाही, असं लिहून दिलं. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातही मापं घेतली. म्हणजे पट्टी त्यांनी फेकून दिली नव्हती. पण चित्पावन आणि देशस्थ दोघंही ब्राह्मण म्हणवतात म्हणून एका रक्ताचे ठरत नाहीत, हे त्यांनी त्याच पट्टीने दाखवलं. मला हा त्यांच्या कामाचा सर्वांत धाडसी भाग वाटतो.

आता पुन्हा कोरपन्याकडे. ते तेव्हा राजुरा तालुक्यासह निजामाच्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्यातल्या राजगोंडांवर चाळीसच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी काम केलं. त्यांच्या लिखाणातून उरतं ते नाक नव्हे. कुणाचे देव चार, कुणाचे सात, त्यावरून सोयरीक कुठे जमते, आणि गोंडांच्या गावदेवाची पूजा कोलाम का करतो, हे उरतं. गोंडी आणि कोलामी या भाषाही वेगळ्या. फरक आहेतच, पण ते नात्यात आणि बोलीत आहेत.

अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीनेही इथे नाक पाहिलं नाही, सरहद्द पाहिली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर राजुरा तालुक्याला मराठवाड्याची, म्हणजे जुन्या हैदराबादची यादी लागू होती आणि वर्धा नदीपलीकडे दुसरी. १९७६ च्या कायद्याने बहुतेक जमातींवरचं, ठरावीक भागातच मान्यता देणारं क्षेत्रबंधन उठलं. १९६५ च्या लोकूर समितीने अनुसूचित जमातींसाठी पाच निकष धरले. त्यांतले ‘आदिम लक्षणं’ आणि ‘बुजरेपणा’ हे शब्द आज खटकतात, पण शरीराचं माप त्यांत एकही नाही.

जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीतल्या ‘आप्तभाव चाचणी’त (अ‍ॅफिनिटी टेस्ट) मात्र मानववंशशास्त्रीय लक्षणं विचारली जात राहिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सांगितलं, की ही चाचणी अंतिम कसोटी नव्हे. तेव्हा दाखल्याच्या टेबलामागे बसणाऱ्यांना एवढंच सांगणं, कागद तपासा, पोराचं तोंड नको.