माणकाचा प्रतिनिधी

पत्रिकेतील रवी निर्बळ आहे, तेव्हा अनामिकेत पाच रतींचे माणिक धारण करावे, असा सल्ला घेऊन जो गृहस्थ सराफाच्या पेढीवर येतो तो बहुधा मध्यम ऐपतीचा असतो. रंगाने भरलेल्या, स्वच्छ आणि कोणताही संस्कार न झालेल्या माणकाचा भाव तो ऐकतो, आकडा लाखांच्या घरात गेलेला पाहून क्षणभर गप्प होतो, आणि मग संकोचाने विचारतो की, याच्याऐवजी दुसरे काही चालेल काय? सराफ त्याच्यापुढे तामडा ठेवतो, लालडी ठेवतो, कारखान्यात तयार झालेले माणिक ठेवतो, आणि भेगांत काच भरून उजळविलेले माणिकही ठेवतो. ‘चालेल काय’ हा प्रश्न वरवर बाजाराचा दिसला तरी मुळात तो धर्मशास्त्राचा आहे, आणि आपल्या पूर्वसूरींनी तो इतक्या बारकाईने हाताळला आहे की, त्याचा निवाडा केवळ ज्योतिषी आणि सराफ यांच्यावर सोपवून मोकळे होणे मला उचित वाटत नाही.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. यज्ञासाठी सांगितलेले व्रीही नष्ट झाले तर नीवार म्हणजे रानटी भात घ्यावा, सोमवल्ली न मिळाल्यास पूतिका घ्यावी, अशी प्रतिनिधिद्रव्याची मुभा तेथे मान्य आहे. परंतु ही मुभा म्हणजे मोकळे रान नव्हे. प्रतिनिधी मूळ द्रव्याशी सदृश असला पाहिजे, आणि जे द्रव्य यज्ञाला निषिद्ध आहे ते कितीही सदृश असले तरी चालत नाही. पूतिकाही हाती लागली नाही, तर पूतिकेसारखे काही शोधू नये, पुन्हा सोमासारखेच शोधावे. कारण प्रतिनिधीला प्रतिनिधी नसतो, शोध नेहमी मूळ वस्तूचाच करावयाचा असतो. देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना तर प्रतिनिधी नाहीच, आणि ज्याच्यासाठी कर्म चालले आहे त्या यजमानालाही नाही. शास्त्रकारांनी द्रव्याच्या बाबतीत इतकी उदारता दाखविली आणि कर्त्याच्या बाबतीत मुळीच दाखविली नाही, यात त्यांच्या धर्मदृष्टीचे मर्म आहे, असे मी समजतो.

याच पादात आणखी एक भेद केलेला आहे, आणि माणिक घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाला तो सर्वांत जवळचा आहे. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म माणसाने यथाशक्ति करावे, एखादे अंग राहून गेले तरी कर्म सिद्ध होते. काम्य कर्म मात्र, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने आरंभिलेले कर्म, सर्व अंगांनी पुरे झाले तरच फळ देते. काम्य कर्म चालू असता मध्येच द्रव्य बिघडले तर प्रतिनिधी घेऊन ते तडीस न्यावे, पण ज्याची मुळातच शक्ती नाही त्याने ते आरंभूच नये. आता बढती मिळावी, कोर्टातील दावा निकालात निघावा, वडिलांशी असलेले वितुष्ट मिटावे, अशा हेतूने घातलेली अंगठी काम्यच आहे, हे कोणीही प्रांजळपणे कबूल करील. मग शास्त्राचा आधार घेऊन रत्न धारण करावयाचे आणि शास्त्राने ज्या ठिकाणी सवलत दिलेली नाही त्याच ठिकाणी ती गृहीत धरावयाची, हे कसे जुळावे? ‘उपरत्नाने फळ थोडे कमी मिळेल, पण मिळेल’ हे नेहमीचे आश्वासन मीमांसेच्या हिशेबात बसत नाही. ते ऐकून ज्याला धीर येतो त्याच्याविषयी मला सहानुभूती आहे, पण त्या आश्वासनाला मी धर्म म्हणणार नाही.

येथे दुसरीही बाजू लक्षात घेतली पाहिजे. मुख्य कल्प आचरण्यास समर्थ असूनही जो अनुकल्पावर, म्हणजे दुय्यम पर्यायावर, भागवितो त्याला परलोकी फळ नाही, असे मनूने अकराव्या अध्यायात बजावले आहे, आणि व्रतग्रंथांनी वित्तशाठ्याचा, म्हणजे पैसा असून हात आखडण्याचा, वारंवार निषेध केला आहे. म्हणजे अनुकल्प हा दरिद्र्याचा हक्क आहे, कृपणाची सोय नव्हे. आणि ज्याचा हात खरोखर तोकडा आहे त्याने मुलांच्या शिक्षणाचा पैसा मोडून किंवा बायकोचे डाग तारण ठेवून मुख्य कल्प साधावा, असे कोणत्याही स्मृतिकाराने सांगितल्याचे मला आठवत नाही.

परंतु सूर्याच्या उपासनेत माणिक हा मुख्य कल्प तरी कधीपासून ठरला? याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ग्रहशांतीचे प्रकरण आहे. तेथे सूर्याची प्रतिमा तांब्याची सांगितली आहे, समिधा रुईच्या सांगितल्या आहेत, दक्षिणा दुभत्या गायीची सांगितली आहे. माणकाचा उल्लेख नाही. एवढेच नव्हे, तर धातूच्या प्रतिमा करणे शक्य नसेल तर त्या त्या ग्रहाच्या रंगाने कापडावर चित्र काढावे किंवा गंधाने मंडलात रेखाटावे, अशी तजवीज त्याच ठिकाणी करून ठेवली आहे. ज्या स्मृतिकाराला कापडावरचा तांबडा रंग सूर्याच्या ठिकाणी पुरेसा वाटला, त्याच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने रत्नावाचून आपली उपासना अडली असे का समजावे? रथसप्तमीला आपल्या अंगणात रथावरचा सूर्य रेखाटतात, गोवऱ्यांवर दूध तापवून ते उतू जाऊ देतात. त्या वेळी घरातल्या बाईला कोणी तिच्या बोटातील खड्याची जात विचारीत नाही.

रत्नांचा विचार करताना आपल्या मनात एक उतरंड ठरून गेलेली असते. वर माणिक, खाली लालडी, त्याखाली तामडा. माणिक म्हणजे कुरुंद. धारेच्या चाकावर जो कुरुंद वापरतात त्याच जातीचा, ज्यात क्रोमियमचा अल्पसा अंश शिरल्याने लाली आली असा स्वच्छ स्फटिक. गरुडपुराणाने त्याची उत्पत्ती बल नावाच्या असुराच्या रक्तापासून सांगितली आहे. ते रक्त घेऊन सूर्य निघाला असता रावणाने वाट अडविली आणि ते सिंहलद्वीपातील नदीत सांडले, अशी ती कथा आहे. लालडीचे घटक निराळे; तीत ॲल्युमिनियमबरोबर मॅग्नेशियमही असते, आणि काठिण्य नवाऐवजी आठ. पण मोगल बादशहांनी बदख्शानच्या लालाला, म्हणजे लालडीला, माणकाची हलकी नक्कल कधीच मानले नाही. याकूत म्हणजे माणिक निराळे आणि लाल निराळा हे त्यांचे जवाहिरे जाणत होते, आणि सुमारे ३५२ कॅरट वजनाच्या एका लालावर तर जहांगिरापासून अहमदशहा अब्दालीपर्यंतच्या धन्यांची नावे फार्सीत कोरलेली आहेत. तोच खडा १८४९ मध्ये लाहोरच्या खजिन्यातून इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे ‘तैमूरचे माणिक’ म्हणून प्रसिद्धीस आला. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’, जे १३६७ मध्ये कॅस्टिलच्या पेद्रोकडून त्या राजपुत्राला मिळाले, तेही लालच आहे. दोन्ही खडे आपल्या जातीत अप्रतिम आहेत. त्यांना माणिक म्हटल्याने त्यांची थोरवी तिळभरही वाढली नाही, उलट ते खोट्या दाखल्यावर वावरले.

कारखान्यातील माणकाचा प्रश्न याहून अवघड आहे. १९०२ मध्ये व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनाची भुकटी ज्वालेतून वितळवून माणकाचा स्फटिक वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून माणिक इतके स्वस्त झाले की, चावीच्या घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे जे छापलेले असे ती सतरा रत्ने म्हणजे बहुधा अशीच माणके असत. द्रव्य तेच, काठिण्य तेच, लालीचे कारणही तेच. सादृश्य हीच कसोटी असेल तर हा प्रतिनिधी लालडीपेक्षा आणि तामड्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे. रत्नातून विशिष्ट किरण अंगात उतरतात असे जे सांगतात त्यांना तर तो नाकारण्यास जागाच उरत नाही. तरीही ते नाकारतात, आणि पृथ्वीच्या उदरातून आलेला खडाच हवा असा आग्रह धरतात. त्या आग्रहात भूमीविषयीचा भाव असेल तर मी त्यापुढे नम्र आहे. पण त्यात दुर्मिळतेचा आणि किमतीचाच मोह असेल, तर सूर्याची प्रसन्नता आपण सराफाच्या तराजूत तोलीत आहोत, हे ओळखले पाहिजे.

राहिले ते काच भरलेले माणिक. अल्प बजेटच्या गिऱ्हाइकापुढे आज हेच सर्वांत अधिक येते. भेगांनी जर्जर झालेला, एरवी फेकून देण्याच्या लायकीचा कुरुंद शिसेयुक्त काचेच्या रसात तापवितात, काच भेगांत शिरते आणि खडा एकदम पारदर्शक दिसू लागतो. २००४ च्या सुमारास असा माल बाजारात येऊ लागला. दहा पटींच्या भिंगाखाली असा खडा दिव्याकडे हळूहळू कलता केला तर लालीच्या आतून मध्येच निळसर झळक उठते, काचेत अडकलेले बारीक बुडबुडे दिसतात, आणि भेग जेथे पृष्ठभागाला येऊन मिळते तेथे चकाकी मंद पडते. अंगठी दुरुस्त करताना सोनाराची फुंकणी लागली तर काच बिघडते. लिंबाच्या रसानेही ती खरवडली जाते. याला मी प्रतिनिधी मानीत नाही. आपल्या पूजेत अलंकार नसले तर अक्षता वाहतात, पण वाहताना ‘अलंकारांच्या जागी अक्षता’ असे स्पष्ट उच्चारून वाहतात. सुपारीचा गणपती मांडतो तो सुपारी म्हणून मांडतो आणि त्यावर आवाहन करतो. त्या उच्चारात देवापुढे दिलेली कबुली आहे, आणि त्या कबुलीमुळेच तांदळाच्या दाण्याला दागिन्याची जागा घेण्याचा अधिकार पोचतो. काच भरलेला खडा माणिक म्हणून विकला जातो तेव्हा ही कबुलीच गाळली जाते, आणि ज्याला फसविले तो बहुधा पोटाला चिमटा घेऊन पैसे साठविलेला माणूस असतो. याचा मला मनापासून संताप येतो.

म्हणून मला कोणी विचारले तर मी सांगेन की, लाल खड्याची आवड असेल तर लालडी घ्यावी, पावतीवर ‘लालडी’ असेच लिहवून घ्यावे, रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, आणि अंगठी घालताना संकल्पातही तिचे तेच नाव घ्यावे. फळाची मागणी मात्र तिच्यावर लादू नये. तामडा आणखी स्वस्त पडतो, पण लालडीहून मऊ असल्याने रोज वापरण्याच्या अंगठीपेक्षा तो गळ्यातील पदकात बरा. आणि सूर्याची उपासनाच करावयाची असेल तर सकाळी तांब्याच्या भांड्यातून अर्घ्य द्यावे, आणि माणकासाठी बाजूला काढलेली रक्कम घरात ज्या कामाला अपुरी पडत होती त्या कामाकडे वळवावी.