गर्भ सारखा म्हणून समता?

कात्रपला पहिला मोठा पाऊस झाला की जिथं अजून बिल्डिंग उठली नाही तिथल्या डबक्यात बेडकाची अंडी दिसतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, बुळबुळीत. मागच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातल्या एका पोरानं ती बरणीत भरून आणली. बरणी पुढं ठेवून म्हणाला, "हा घ्या मनूला जबाब!"

त्याचं म्हणणं असं. पुरुषसूक्तात एक देह आहे. तोंड ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायातून शूद्र. आपण तर त्या देहातही नाही. आणि बरणीत काय आहे? एक गोळा. त्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ना तोंड, ना पाय. मग गोळ्याला एका बाजूनं खळगा पडतो, आतडं घडायला लागतं. बेडकात ते पहिलं छिद्र पुढं तोंड होत नाही, गुदद्वाराकडं जातं. तोंड मागाहून, दुसऱ्या टोकाला फुटतं. कार्ल ग्रोबेननं १९०८ साली प्राण्यांच्या या अख्ख्या शाखेला नाव दिलं, त्याचा अर्थच 'दुसरं तोंड'. तारामासा, बेडूक, माणूस सगळे त्याच शाखेत. (शंकराचार्यसुद्धा.)

पोरं हसली. मीही हसलो. माणसाच्या गर्भात हा क्रम इतका सरळ दिसत नाही, हे तेव्हा बोललो नाही. आता बोलतो. मनूला खोडायला अर्धं खरं वापरायची आपल्याला गरज नाही.

बरणीचा खरा उपयोग दुसरीकडं आहे. मराठी प्राणिशास्त्रात संघ, वर्ग, गण, कुल असं उतरत गेलं की खाली शब्द येतो 'जाती'. वाघ एक जाती, सिंह दुसरी. म्हणजे पोरगं शाळेत शिकतं की जात निसर्गातच असते, आणि घरी शिकतं की जातीबाहेर लग्न करायचं नसतं. दोन्ही धडे एकाच शब्दावर बसलेत. लाहोरला होऊ न दिलेलं भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतः छापलं, त्यात ही गाठ त्यांनी सोडवलीय. माणूस आणि जनावर यांचा संकर नको म्हणायला काही आधार तरी असेल. पण वंशशुद्धीवाले शास्त्रज्ञदेखील माणसामाणसांत निराळ्या प्राणिजाती मानत नाहीत. कुठल्याही दोन माणसांना मूल होतं, त्या मुलाला पुढं मूल होतं. 'जात म्हणजे निसर्ग' हे सोंग इथं संपलं.

पण पोरगं तिथं थांबलं नाही. म्हणालं, "गर्भ सारखा, म्हणून माणूस समान." इथं मात्र माझं जमेना.

जर्मनीच्या एर्न्स्ट हेकेलनं १८७४ साली मासा, कासव, कोंबडी, माणूस यांचे गर्भ शेजारी शेजारी काढून दाखवले. होते त्याहून जास्त सारखे काढले, म्हणून शिव्याही खाल्ल्या. सगळ्या जिवांचं मूळ एक, हे त्यानं जन्मभर सांगितलं. आणि त्याच हेकेलनं माणसांच्या वंशांची उतरंड रचली, गोरा सगळ्यात वर ठेवून! इतकं साम्य डोळ्यापुढं असून त्याला त्याची अडचण झाली नाही.

आता उलटं बघा. हात, पाय, टाळू घडतात ते पोटातल्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. तिथं बिनसलं तर पोर वाकड्या पायानं येतं, फाटक्या ओठानं येतं. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाच्या औषधानं युरोपात हजारो पोरं अर्धवट हातापायांची जन्मली. शरीराची ठेवण सारखी म्हणून समता, असं म्हणालात तर या पोरांना कुठं बसवणार? वाकडा पाय दिसला की मागच्या जन्मीचं पाप सांगणारे टपलेलेच आहेत. त्यांच्या रांगेत आपण जाऊन उभं राहायचं?

त्याच भाषणात बाबासाहेब कबूल करतात, की शरीरानं, वारशानं, स्वतःच्या प्रयत्नानं माणसं सारखी नसतात. समतेला कुणी कल्पित म्हणालं तर म्हणू दे. तरी कारभार तिच्यावरच चालवायचा. म्हणजे बरणीत ती सापडो न सापडो, आपण ती मागणार. सापडली म्हणून मागत नाही.

पोरगं चिडलं. "मग विज्ञान कशाला शिकायचं?" मी म्हटलं, जातीचं खोटं उघडं पाडायला. त्याला ते पटलं नाही. म्हणाला, पुराव्याशिवाय मागणी म्हणजे पुन्हा श्रद्धाच. सोपा सवाल नाही. त्यानं उत्तर लिहून दिलं तर पुढच्या अंकात छापू. अंडी त्याच संध्याकाळी डबक्यात परत सोडली.