विंचूमाशीचे गोत्र

सोलापूरच्या माळावर राहणाऱ्या माणसाला विंचवाची ओळख ग्रंथांतून करून घ्यावी लागत नाही. दगड उलथताना, गोवऱ्यांचा ढीग हलवताना, पहिल्या पावसानंतर चपला झटकताना तो त्याच्या नित्याच्या सावधगिरीचा विषय झालेला असतो. आणि म्हणून शेपटीचे टोक वर वळवलेला एखादा कीटक दिसताच त्याने हात मागे घेतला, तर त्यात त्याचा काही प्रमाद आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्राणिशास्त्रात विंचूमाशी या नावाने जो कीटकगण ओळखला जातो, त्यातील पॅनोर्पा कुळाच्या नराच्या उदराग्री दिसणारा फुगीर, वर वळलेला गोळा हा केवळ जननावयव होय. त्यात विष नाही, काटा नाही. समागमाच्या वेळी मादीला चिमट्यासारखे धरून ठेवणे हेच त्याचे मुख्य कार्य, आणि मादीच्या ठायी तर तो गोळाही नसतो.

हे कीटक सोलापूरच्या कोरड्या मुलुखातले नव्हेत. त्यांना दमट, सावलीची राने लागतात, आणि ती सह्याद्रीत व हिमालयात त्यांना लाभली आहेत. चार लांबट, बहुधा सारख्याच आकाराचे पारदर्शक पंख, मोठे संयुक्त नेत्र, आणि खाली लांबत जाऊन सोंडेसारखे झालेले मस्तक, ज्याच्या अगदी टोकाशी चावण्याचे जबडे असतात, अशी यांची ठेवण आहे. पॅनोर्पा मृत कीटकांवर उपजीविका करते, प्रसंगी कोळ्याच्या जाळ्यात शिरून त्याचे भक्ष्यही उचलते. याच गणातील बिटॅकस कुळाचे कीटक पुढच्या पायांनी फांदीला लोंबकळत राहून मागच्या पायांनी सजीव भक्ष्य पकडतात. त्यांच्यापैकी काहींत नर आपली शिकार मादीला नजर करतो, ती खात असेतोवर समागम चालतो, आणि नजराणा क्षुद्र निघाला तर मादी त्याला लवकरच दूर सारते. निवडीचा हा अधिकार इतक्या लहान देहात इतक्या काटेकोरपणे बजावला जावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

लिनीयसने १७५८ साली पॅनोर्पाला शास्त्राच्या दप्तरात दाखल केले. आज या गणाच्या सुमारे सहाशे जाती हयात आहेत. पण त्याचा पूर्वेतिहास या संख्येहून फार मोठा आहे. सोलापूरच्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्हाच्या प्रवाहांनी घडला, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. विंचूमाश्यांचे अवशेष मात्र पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सापडतात. फुलांचा बहर पृथ्वीवर यावयाचा होता, त्या काळी लांब शुंडा असलेल्या काही विंचूमाश्या अनावृतबीजी वनस्पतींचा रस पीत असाव्यात आणि त्यांचे परागण करीत असाव्यात, असे चीनमधील जीवाश्मांच्या आधारे २००९ मध्ये प्रतिपादन झाले. म्हणजे आजच्या सहाशे जाती हा एका मोठ्या घराण्याचा शेष होय.

परंतु या घराण्याची खरी विस्मयकारक शाखा अन्यत्रच आहे. पिसू हा पंखहीन, चपटा, उड्या मारणारा रक्तपिपासू जीव दीर्घकाळ स्वतंत्र गण मानला गेला; २००२ मध्ये जनुकांच्या पुराव्याने तिचे नाते बर्फावर वावरणाऱ्या विंचूमाश्यांच्या बोरियस कुळाशी जोडले गेले, आणि २०२० च्या एका अभ्यासाने तिला नॅनोकोरिस्टा या दक्षिण गोलार्धातील विंचूमाश्यांची भगिनी ठरवून सरळ विंचूमाश्यांच्याच गणात घातले. हा निवाडा सर्वांना मान्य झालेला नाही. तरी ज्याची आकृती विंचवासारखी तो निरुपद्रवी, आणि ज्याच्या आकृतीत कसलेच भय दिसत नाही तो त्याचाच भाऊबंद मात्र नगरे ओस पाडणारा, ही गोष्ट मला फार विचार करावयास लावणारी वाटते.

कारण १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेल्या प्लेगने दख्खनचा मुलुख पिंजून काढला, आणि सोलापूरही त्यातून सुटले नाही. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड माळावरच्या झोपडीत न्यावयाचे, हे लोकांनी अनुभवाने शिकून घेतले. सरकारी अंमलदार तपासणी, विलगीकरण, निर्जंतुकीकरण यांचे हुकूम सोडीत होते, आणि १८९८ मध्ये सिमाँ या संशोधकाने कराचीत रोगाची वाहक म्हणून पिसवेकडे बोट दाखवले तरी ते मान्य व्हावयास वर्षे गेली. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने १९०५ नंतर ते सिद्ध केले. पण पिसू म्हणजे तरी कोणती? झेनोप्सिला चिओपिस आणि झेनोप्सिला अस्टिया या दोन जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. त्यांचा भेद सूक्ष्मदर्शकाखाली प्रामुख्याने जननावयवांच्या घडणीवरून करावा लागतो. ज्याला हे काम निरर्थक विद्वत्तेचे वाटेल, त्याने हर्स्ट या संशोधकाने कोलंबोत व क्रॅग या संशोधकाने हिंदुस्थानात केलेल्या पिसवांच्या मोजणीकडे पाहावे. प्लेगग्रस्त मुलुखात चिओपिस प्रबळ होती, मद्रास शहरात अस्टिया; आणि अस्टिया ही रोगाची फार दुबळी वाहक. मुंबईहून सोलापूरवरून मद्रासेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर धान्याची पोती, उंदीर आणि पिसवा यांची ये-जा अखंड चालू होती, तरी मद्रास शहरात साथीने मूळ धरले नाही, याचे एक प्रमुख कारण पिसवांच्या जातींतील या भेदात त्यांना सापडले.